वाजली बरं का

कानसेन गाडीत उलटा पडला होता. डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर, दातांत चिकटपट्टीचा तुकडा आणि पोटावर टेस्टर. डॅशबोर्डाच्या आतून त्यानं दोन तारा ओढल्या, सोलल्या, पिळल्या, वर पट्टी गुंडाळली आणि अलार्मचा काळा डबा असा काही दडवला की चोराचं सोडा, उद्या त्याला स्वतःलाही तो चटकन सापडला नसता. मग सरपटत बाहेर आला, दारं लावली आणि रिमोटचं बटण दाबलं.

दिवे लुकलुकले. कुलपं पडली. पिपाणी मात्र गप्प.

ह्या अलार्मला तोंडं दोन. एक मोठा भोंगा, गाडीला जोराचा धक्का बसला की सगळी गल्ली डोक्यावर घेणारा. दुसरी बाटलीच्या बुचाएवढी पिपाणी. गाडी बंद केली की ती एकदा वाजणार, उघडली की दोनदा, आणि कुणी नुसता हात लावला की तीनदा वाजून 'हो बाजूला' म्हणणार. कानसेननं बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. काही नाही. मग चांगला दणका हाणला, तेव्हा भोंग्यानं असा टाहो फोडला की समोरच्या टायरवाल्याच्या कपातला चहा सांडला. म्हणजे डबा शाबूत, भोंगा शाबूत, पिपाणीच मुकी. त्यानं खोक्यातून दुसरी काढून लावली. तीही मुकी. तिसरीही तशीच.

"अख्खं खोकंच मौनव्रतात निघालं," तो स्वतःशीच पुटपुटला.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. तीस वर्षं गाड्यांच्या तारा जोडून जोडून ते त्याला चिकटलं होतं. गाडी दुकानाच्या वळणावर आली की हा न बघता सांगायचा, डावा दिवा सैल आहे आणि बॅटरीचं पाणी आटलंय. असं म्हणतात की एकदा पलीकडच्या रस्त्यावर उभ्या ट्रकच्या डायनामोत झुरळ चालत होतं, ते ह्यानं इथे चहा पिता पिता ओळखलं. टायरवाला त्यात भर घालायचा, की झुरळ लंगडं होतं हेही ह्यानंच सांगितलं, आणि उघडून बघितलं तर खरंच पाच पाय. गोष्ट दरवर्षी वाढायची. कानसेन कधी ती खोडून काढायचा नाही. माणसाला आपल्याबद्दलचं एक तरी खोटं गोड लागतंच.

दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याची बायको मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिला टायरवाला पोपटवहिनी म्हणायचा. कारण गिऱ्हाईक काही बोललं की मशीनमागून तिनं त्याची री ओढलीच. गिऱ्हाईक म्हणालं, गाडी चढावर दम टाकते, की ही मोठ्यानं, "चढावर दम टाकते म्हणे." उजवा हॉर्न बिघडलाय, की ही, "उजवा. उजवा म्हणतायत." कानसेननं अलार्म तपासायला बटण दाबलं, तरी हिचं तोंड चालूच, "वाजली बरं का."

"कान आहेत मला," कानसेन दरवेळी म्हणायचा.

ही सवय तिला पूर्वी नव्हती, गेल्या दीड-दोन वर्षांत लागली होती. वय झालं की कुणाचे गुडघे जातात, हिची जीभ सैल झाली, असं त्याचं मत. म्हणून ती लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेली, तेव्हा त्यानं टायरवाल्याला सांगितलं होतं, की आता पंधरा दिवस कानांना सुट्टी. दुकान खरोखरच शांत झालं होतं. समोरच्या झाडावरची चिमण्यांची चिवचिवसुद्धा नव्हती. ह्या वर्षी चिमण्या फिरकल्याच नाहीत, कुठे गेल्या असतील, असं त्यानं मध्यंतरी विचारलं होतं. तर टायरवाला म्हणाला, लग्नाला गेल्यात, वरातीसोबत येतील. त्या माणसाकडून सरळ उत्तर यायचं नाही, ही त्याची जुनी ख्याती.

तर ही गाडी होती सुईणबाईंची. गेल्या महिन्यात कुणीतरी मागची काच फोडून त्यांची बाळंतपणाची पिशवी पळवली होती, म्हणून अलार्म. कानसेननं विचार केला, पिपाण्या तीन-तीन खराब कशा निघतील. धक्का ओळखणारा सेन्सरच मंद असणार. सेन्सरवर पिपाणीसाठी एक बारका स्क्रू असतो, जितका पिळावा तितका सेन्सर हळवा. त्यानं तो पाव फेरा पिळला आणि टकटक केली. काही नाही. अर्धा फेरा. काही नाही. मग शेवटपर्यंत पिळला. तेवढ्यात सुईणबाई आल्याच, एका हातात पिशवी, कानाशी फोन, कुणाच्या तरी कळा सुरू झालेल्या. कानसेननं चावी दिली आणि सांगितलं की भोंगा झकास आहे, पिपाणी तेवढी मुकी आहे, नवी मागवतो. बाईंनी मान हलवली, न हलवली, आणि गाडी चालू करून गेल्या. स्क्रू शेवटपर्यंत पिळलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

"मिस्त्री, मुकी म्हणालात ना? तिची जीभ टाळ्याला लागत नाहीये."

मांजर गेलं की वाजते, सायकल गेली की वाजते, वाऱ्यानं पान पडलं तरी तीनदा वाजते, असं त्यांचं म्हणणं. कानसेनला हसू आलं. जी पिपाणी वाजतच नाही ती फार वाजते म्हणून तक्रार, हे त्यानं तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं गाडी झाडाखाली लावून घेतली, स्टूल टाकलं आणि तासभर तिच्यासमोर बसून राहिला. रस्त्यानं माणसं गेली, हातगाडी गेली, एक कुत्रं चाकाला अंग घासून गेलं. गाडी आपली समाधी लावून बसलेली.

टायरवाला हातातला पाना पुसत आला.

"गड्या, त्या पिपाणीचा गळा दाब एकदाचा. माझं डोकं उठलंय."

कानसेननं त्याच्याकडे नीट बघितलं. ह्याच माणसानं एकदा त्याच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बटाटा कोंबला होता आणि गाडी का चालू होत नाही म्हणून दिवसभर सोबत डोकं खाजवलं होतं. शिवाय त्याच्या दोन्ही मुली सुईणबाईंच्याच हातच्या. दोघांनी मिळून आपल्याला बनवायचं ठरवलंय, हे कानसेनच्या चटकन ध्यानात आलं. तो म्हणाला, "बटाटा आण, गळ्यात घालतो तिच्या." टायरवाल्यानं तोंड उघडलं, पण काही न बोलता ते मिटलं. असं तो कधी करत नसे. तेव्हाच काय ते कळायला हवं होतं.

बाई आल्यावर कानसेननं छातीवर हात ठेवून सांगितलं, तासभर बसलो, चकार शब्द नाही काढला तिनं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्या कानांची ख्याती आहे, माझेच वाजत असतील. आणि गाडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. नात चार दिवसांची झाली होती. बायको म्हणाली, थांबा, ऐकवते तुम्हाला. कानसेननं फोन कानावर घट्ट दाबला. पंख्याची घरघर आली, कुणीतरी भांडं ठेवलं, लेक कुणाला तरी दुपटं मागत होती.

"झोपलीय वाटतं," तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला.

"हो," बायको म्हणाली. "आत्ताच डोळा लागला." मग तिनं विचारलं, "दुकानात गिऱ्हाइकं काय म्हणतात ते नीट कळतंय ना?"

"कान आहेत मला," तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस बाई आल्या नाहीत. कानसेननं मनातल्या मनात खटला निकालात काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी, तो नुकतं शटर वर करत होता, तेव्हा त्या आल्या. गाडी लावली, उतरल्या, आणि न विचारता आत येऊन मशीनच्या स्टुलावर बसल्या. अंगावर कालचेच कपडे असावेत. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर कानसेनला बरं वाटलं असतं.

काल एका घरी गेले होते, त्यांनी सांगितलं. गल्ली अरुंद, खिडकीखालीच गाडी. सून पहाटेपासून अडलेली. आणि खाली कुणी गेलं की तीनदा शिट्टी. सासू दोनदा येऊन सांगून गेली, सासरा एकदा, तिसऱ्यांदा पोरगी स्वतःच कळ दाबून म्हणाली, ते बंद करा हो. बंद कसं करायचं ते बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी खाली जाऊन गाडी वळणापलीकडे नेऊन लावली आणि पळत परत आल्या. वर आणायची दुसरी पिशवी त्या गडबडीत सीटवरच राहिली. बाळाला श्वास द्यायचा फुगा त्या पिशवीत.

"मुलगी झाली. निळी पडलेली," बाई म्हणाल्या. "बाप पिशवी आणायला पळाला. दोन मिनिटं लागली असतील त्याला. ती दोन मिनिटं मी तोंडानं फुंकत होते."

कानसेननं शटरची दांडी हातात तशीच धरली होती.

"रडली," त्या म्हणाल्या. "पण इतकं बारीक, की दारात उभ्या बापाला ऐकूच गेलं नाही. त्याला वाटलं, गेली. मी ओरडून सांगितलं त्याला, अरे रडतेय, रडतेय."

त्यांनी चावी मशीनवर ठेवली आणि रिमोट तिच्याशेजारी, नीट, सुयांचा डबा ठेवावा तसा.

"काढून टाका हे. पिशवी चोरीला गेली तर दुसरी घेता येते."

त्या चालत गेल्या. कानसेननं शटरची दांडी भिंतीला टेकवली. मग त्यानं बॉनेट उघडलं. पिपाणी उपटायला अंगठा तिच्यावर ठेवला, आणि त्याच वेळी टायरवाला एक मोठं टायर गडगडवत रस्त्यावरून नेत होता.

अंगठ्याखाली काहीतरी थरथरलं. तीनदा. मुठीत माशी सापडावी तसं.

त्यानं अंगठा काढला नाही. दुसऱ्या हातानं बॉनेटच्या पत्र्यावर टिचकी मारली. तीनदा थरथर. आवाज कसलाच नाही. रिमोट आणून दाबला. दिवे लुकलुकले, अंगठ्याला दोन धक्के. पुन्हा दाबला. एक. मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला जुने मिस्त्री त्याचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानामागच्या हाडाला. त्या युक्तीवर तर कानसेनचं अर्धं नाव उभं होतं. त्यानं टोक पिपाणीवर टेकवलं, मूठ कानामागे, आणि डोळे मिटून टिचकी मारली. मूठ थरथरली. बाकी शांत.

दुसरा कान लावला. तिथेही तेच.

डोळे उघडले तेव्हा समोरचं झाड दिसलं. एका फांदीवर आठ-दहा चिमण्या बसल्या होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. शेपट्या वरखाली होत होत्या. भांडण चाललं असावं त्यांचं, जोराचं.

कानसेन बंपरवर बसला. मग त्याला एकेक आठवायला लागलं, आणि आठवलेलं एकही धड नव्हतं. बंद पडलेल्या म्हणून फेकून दिलेल्या पिपाण्या. गेल्या वर्षी बदललेली घराची घंटा. लेकीची लेक, आत्ताच डोळा लागलेली. तो स्क्रू. पाव फेरा, अर्धा फेरा, शेवटपर्यंत.

समोरून टायरवाल्यानं विचारलं काहीतरी. ओठ हलले, शब्द आले, पण कडा नसलेले. कानसेननं नुसता हात हलवला.

दिवसभर त्यानं दुसरं काम घेतलं नाही. अलार्म काढलाही नाही. डाव्या हाताचा अंगठा पिपाणीवर आणि उजव्या हातात बारका स्क्रूड्रायव्हर, असं करत त्यानं स्क्रू केसाकेसानं मागे आणला. सायकल गेली तर थरथर नको, वारा आला तर नको, दाराला हात लागला तर हवी. तो मनासारखा लागला, तेव्हा दुपार उलटून गेली होती. तरी त्याचा स्वतःवर भरवसा बसेना. अंगठा तरी खरं सांगतो कशावरून? कान तीस वर्षं खरं सांगत होतेच की.

बायको दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पिशव्या ठेवल्या, मशीनवरची धूळ झटकली, अर्धवट राहिलेलं कव्हर पुढे ओढलं आणि नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगत शिवायला बसली. कानसेन हं हं करत होता. मग तो बॉनेटपाशी गेला आणि तिची पाठ असताना पिपाणीची तार हळूच काढून ठेवली. रिमोट हातात घेतला.

मशीन थांबलं.

त्याला आठवलं, हे दरवेळी असंच व्हायचं. त्यानं रिमोट उचलला की मशीन थांबायचं. तो समजायचा, दोरा संपला असेल.

त्यानं बटण दाबलं. ती हात कपड्यावर ठेवून बसली होती, मान किंचित कलती, दाराआड कुणाची चाहूल घ्यावी तशी. रस्त्यावरून एक गाडी गेली. ती तशीच बसून राहिली. गाडी लांब जाईपर्यंत थांबली, आणखी थोडी थांबली.

"नाही वाजली," ती कपड्याकडे बघत म्हणाली. आणि मग, "तार काढलीत का?"

कानसेननं तार लावली. बटण दाबलं. अंगठा ह्या वेळी त्यानं खिशात ठेवला होता.

"वाजली बरं का."

नेहमीचं उत्तर त्याच्या जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं.

"किती वेळा?" त्यानं विचारलं.

मशीनचं चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. "एकदा," ती म्हणाली.

मग तिनं उठून खुर्ची गाडीजवळ आणली. तो दाराला हात लावायचा, ती म्हणायची, तीनदा. तो गाडीशेजारून पाय आपटत जायचा, ती म्हणायची, नाही. अर्धा तास त्यांचं एवढंच बोलणं चाललं, आणि टायरवाला दारात उभा राहून ते बघत होता. एकदाही त्यानं थट्टा केली नाही.

सुईणबाई दुपारी आल्या. अलार्म तसाच बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. कानसेननं त्यांना बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही.

"बाई, गाडीत काही नव्हतं," तो म्हणाला. "स्क्रू मी पिळला. पिपाणी वाजत होती. मला ऐकू येत नाही."

पोपटवहिनी मशीनवर होती. ह्या वेळी तिनं री ओढली नाही.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. चावी उचलून हातात खेळवत राहिल्या. कानसेननं सांगितलं, की अलार्म आता नीट आहे, हिनं ऐकून बघितलाय, तरी म्हणत असाल तर आत्ता काढतो.

"ती मुलगी कशी आहे?" मग त्यानं विचारलं.

"दूध ओढतेय. रोज जाऊन बघते मी. काही राहिलंय का ते वर्षभरानंच कळेल." ह्यातलं एकही वाक्य त्यांनी मऊ केलं नाही. फक्त तोंड त्याच्यासमोर आणून सावकाश बोलल्या. जाताना गाडीपाशी थांबल्या. "राहू दे तो. पुन्हा काही झालं तर वहिनी दुकानात असतील त्या दिवशी आणीन."

पिपाणी दोनदा वाजली असावी, कारण मशीनमागची मान दोनदा हलली. गाडी वळणावरून गेली.

कानसेन खुर्चीवर बसला. पट्टीचा तुकडा बोटाला चिकटला होता, तो सोडवत राहिला, सुटला की पुन्हा दुसऱ्या बोटाला चिकटत होता.

"तू सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"सांगत होते की," बायको म्हणाली. "दिवसभर सांगत होते."

टायरवाल्यानं समोर एक चाक जमिनीवर टाकलं. तो दणका त्याला स्वच्छ ऐकू आला. झाडाकडे त्यानं बघितलं नाही.

"आणि नात?" त्यानं विचारलं. "ती कशी रडते?"

बायकोनं कपडा बाजूला ठेवला. रस्त्यावर कुणी गिऱ्हाईक नाही ना ते वाकून बघितलं. पदरानं तोंड पुसलं, त्याच्याकडे वळून बसली, डोळे घट्ट मिटले, हाताच्या मुठी हनुवटीखाली घेतल्या, आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात आठ दिवसांच्या नातीसारखी रडायला लागली.

समोर टायरवाल्याचा पाना हातातच राहिला.